डुलाचे ४० हजार

माझं काम कॉस्टिंगचं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एखादा ब्रॅकेट किती रुपये किती पैशांना पडतो ते मी काढते, आणि सप्लायरच्या कोटेशनमध्ये भरलेली हवा काढण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे डुलाने फोनवर ४० हजार हा आकडा सांगितला तेव्हा तोंडून सवयीने निघालं, "ब्रेकअप मिळेल का?" म्हणजे कुठल्या कामाचे किती, ती फोड.

ती म्हणाली, "देते की. पण त्यातलं निम्मं काम तुला दिसणार नाही, हे आधीच सांगते."

डुला म्हणजे बाळंतपणात शेवटपर्यंत बाईजवळ थांबणारी, त्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई. डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही. ती आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळ काढत नाही. "मग करते काय?" हे मला आईने, सासूबाईंनी, नवऱ्याने आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी विचारलं. तेव्हा मला तरी कुठे नीट माहीत होतं! आमच्याकडे डुलांची सरकारी नोंदणी नाही, नर्सिंग कौन्सिलसारखी कुठली यादीही नाही. खासगी संस्थांची सर्टिफिकेटं असतात, बाकी सगळं तोंडोतोंडी. पुण्यात ज्यांच्याशी बोलले त्यांच्यात सर्वांत कमी फी २५ हजार होती आणि सर्वांत जास्त ७० हजार. ७० हजारांच्या पॅकेजात पोटाचा प्लास्टरचा साचा आणि फोटोशूट धरलं होतं. ते मी तिथेच खोडलं.

खरं सांगायचं तर मी सिझर टाळायला निघाले होते. आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींची बाळंतपणं एकामागून एक सिझर झालेली. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१चे आकडे वाचनात आले : देशात खासगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझर, सरकारीत १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या केसेस खासगीतच जास्त जातात असं कुणी म्हणेल, तर तसंही नाही. अवघड केस सरकारी मोठ्या दवाखान्यातही पाठवतातच. दुसरीकडे कोक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा २०१७चा आढावा वाचला. त्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरचे प्रयोग एकत्र केलेत. कळा सुरू असताना सतत कुणी सोबत असेल तर सिझरचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष. माझ्या डोक्यात गणित पक्कं झालं : ४० हजार भरा, जोखीम कमी करा.

पहिल्याच भेटीत ४० हजार सांगणाऱ्या त्या डुलाने या गणितावर पाणी ओतलं. "नॉर्मल करून देते असं जी डुला सांगेल तिच्याकडे अजिबात जाऊ नको," असं म्हणाली. आमच्या सप्लायरांनी असं बोलायला शिकावं.

घरात मात्र या आकड्यावरून चांगलंच वाजलं. आई मिरजेची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते नोकरीमुळे पुण्यात होणार, याचं तिला आधीच वाईट वाटत होतं. वर हे. "पैसे देऊन बाई बसवणार कंबर चोळायला, मग मी काय तिथे गोट्या खेळायला येऊ?" आजीचं बाळंतपण करायला गावची सुईण यायची, तिला लुगडं, खण-नारळ आणि पायलीभर ज्वारी दिली की ती आशीर्वाद देत जायची, हेही ऐकवून झालं. सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण भाजी निवडताना "हल्ली सगळ्यालाच कोर्स निघालेत" एवढं म्हणाल्या.

गंमत अशी की त्याच महिन्यात आमच्याकडे डोहाळजेवण झालं. हॉल, फुलांचा झोपाळा, जेवणाची ताटं, फोटोग्राफर. खर्च ४० हजारांच्या वरच गेला, आणि त्याचा ब्रेकअप कुणीही मागितला नाही. बाळंतपणानंतर मालिशवाल्या बाईंना दिवसाचे ५०० रुपये ठरले, सव्वा महिन्याचे २० हजार झाले, तेही कुणाला जास्त वाटले नाहीत. बाळंतिणीच्या आधीचा आणि नंतरचा खर्च हा रीतीचा खर्च. मधल्या त्या दिवसाचा खर्च मात्र हॉस्पिटलचा, तिथे घरच्यांचं काय काम, अशी आपली समजूत झाली आहे.

आईचा प्रश्न खरं तर रास्त होता. तीच का नको? मलाही आधी तीच हवी होती. पण आमच्या हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये एकच माणूस सोबत चालणार होतं, आणि नवऱ्याला आत यायचं होतं. शिवाय आईचं बीपी. मला साधा ताप आला तरी ती देव पाण्यात घालून बसते. मी कळा देताना तिला कोण सांभाळणार? डुलासाठी वेगळी परवानगी लागली. आधी ज्या हॉस्पिटलमध्ये नाव घातलं होतं तिथे काउंटरवरच "आमचा स्टाफ आहे, बाहेरचं कुणी नाही" असं उत्तर मिळालं. सातव्या महिन्यात मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी तीन अटी घातल्या : वैद्यकीय निर्णयात तिने बोलायचं नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये यायचं नाही, सिस्टरच्या कामात पडायचं नाही. डुला म्हणाली, "या माझ्याच अटी आहेत."

तिने दिलेला ब्रेकअप असा होता. घरी येऊन तीन बैठका. अडतिसाव्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत रात्रंदिवस फोन चालू, पुण्याबाहेर जायचं नाही, आणि त्या काळात दुसरी तारीख घ्यायची नाही. ती आजारी पडली तर बदली डुला, तिची ओळख आधी करून देणार. प्रत्यक्ष बाळंतपण, कितीही तास चालो. नंतर एक भेट. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे सदतिसाव्या आठवड्यात. कळा सुरू होण्याआधीच सिझर ठरलं तर १५ हजार परत. मी पाहिलं, यातला मोठा हिस्सा नुसत्या तयार राहण्याचा आहे. आमच्या कारखान्यात डीजी सेट, म्हणजे डिझेलवरचा जनरेटर आहे. महिनाभर वीज गेली नाही म्हणून त्याचे पैसे फुकट गेले असं प्लँट मॅनेजर म्हणत नाही. हे पटलं आणि मी घासाघीस केली नाही. (नवऱ्याने केली. २ हजार कमी झाले. ते त्याने मला आजवर किती वेळा ऐकवलेत!)

बैठकांमध्ये मला वाटलं होतं श्वासाचे प्रकार शिकवेल. तिने पहिली शिकवणी नवऱ्याची घेतली. मला पलंगाला टेकून वाकायला लावलं, त्याला माझ्या मागे उभं केलं आणि दोन्ही तळहात कुल्ल्यांच्या हाडांवर बाहेरून ठेवून आत-वर दाबायला लावलं. "बोटांनी नाही, तळव्याच्या मुळाने. दंडातून नाही, अंगाचा भार टाका." तो भीत भीत दाबायचा, ती म्हणायची, "अहो, पापड नाही लाटत आपण." आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर हा सराव चालला. सासूबाई दार लोटून घ्यायच्या.

दुसऱ्या बैठकीत माझा कागद. मी ऑफिसच्या सवयीने दोन पानं टाइप केली होती, क्रमांक घालून. तिने ती वाचली आणि अर्ध्या पानावर आणली. फिरायची मुभा हवी, कारण सांगितल्याशिवाय बाळाच्या वाटेला काप देऊ नये, नाळ निदान मिनिटभर थांबून कापावी, बाळ बरं असेल तर लगेच छातीवर द्यावं. एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीतून देतात ती भूल, नको, हे मी हट्टाने ठेवायला लावलं. तो कागद डॉक्टरांना दाखवून सही घेतली. डॉक्टरांनी वाचायला जेमतेम अर्धं मिनिट लावलं, म्हणून तर तो अर्धं पान होता.

कळा रात्री सुरू झाल्या. दीड-दोनच्या सुमारास मी फोन केला. तिने काही न विचारता मला बोलतं केलं. संध्याकाळी काय जेवलीस, आई कुठे झोपलीय, बाहेर पाऊस आहे का. मध्येच कळ आली तशी मी थांबले, मग पुन्हा बोलू लागले. "कळ असताना वाक्य पुरं करतेयस. म्हणजे भरपूर वेळ आहे. दोन घास दहीभात खा आणि डाव्या कुशीवर पड. वाक्य तुटायला लागलं की फोन कर." आम्ही एकटे असतो तर त्याच क्षणी बॅग घेऊन निघालो असतो, आणि हॉस्पिटलमध्ये जाऊन गर्भपिशवीचं तोंड एका बोटाएवढं उघडलंय म्हणून पलंगावर पडून राहिलो असतो.

पहाटे वाक्य तुटायला लागलं. ती आली, चपला काढून हात धुतले आणि सरळ न्हाणीघरात गेली गरम पाणी बघायला. पाठीवर शॉवर, मग जिन्यावर आडवं चढणं-उतरणं, मग चेंडूवर बसून डुलणं. मी दात आवळले की ती म्हणे, "ओठ सैल. आवाज खाली. वरचं तोंड घट्ट तर खालचंही घट्ट." मी म्हशीसारखी हंबरत होते. आई स्वयंपाकघरातून बघत होती. थोड्या वेळाने तीही येऊन पाठीला गरम पिशवी धरून उभी राहिली. डुलाने स्वतःची जागा आईला देऊन टाकली आणि स्वतः चहा टाकला. तेव्हापासून आईची तक्रार बंद झाली.

दुपारी हॉस्पिटल. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलेलं. सिस्टरने बाळाच्या ठोक्यांचा पट्टा बांधायला झोपायला सांगितलं, आणि पाठीवर पडल्या पडल्या कळ दुप्पट झाली. मला वाटलं आता ही वाद घालणार. ती म्हणाली, "सिस्टर, बसून बांधून बघू या का? ठोके नीट आले नाहीत तर लगेच झोपवते." सिस्टरने बांधला, ठोके आले. मघाशी याच सिस्टरला तिने चहा आणून दिला होता. मला तेव्हा कळलं की मी एका अशा माणसाला पैसे दिलेत ज्याला या खोलीतल्या माणसांशी कसं बोलायचं ते येतं. मी आणि नवरा तिथे एकतर गप्प बसलो असतो किंवा भांडलो असतो.

सहा सेंटीमीटरवर गाडी अडली. डॉक्टरांनी कळा वाढवायचं सलाइन लावू या म्हटलं. डुला त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, तशी अटच होती. ती मला म्हणाली, "डॉक्टरांना काही विचारायचंय का?" एवढंच. मग मला आठवलं की विचारायचं काय ते आपण घोकलं होतं. बाळ ठीक आहे का? तासभर थांबलो तर काय होईल? डॉक्टर म्हणाल्या, ठोके छान आहेत, थांबू या तासभर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली तासाला एक सेंटीमीटर हा जुना नियम सरसकट लावू नका असं सांगितलंय, हे त्या डॉक्टरांना माहीत होतं. म्हणून तर मी त्यांच्याकडे आले होते.

तास गेला, सहाचे सहाच. सलाइन लागलं. त्यानंतरच्या कळा वेगळ्या. मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. थोड्या वेळाने मी रडत म्हणाले की मला एपिड्युरल हवंय, आणि पाठोपाठ म्हणाले, "पण कागदावर..." तिने तिच्या कुर्त्याच्या खिशावर थाप मारली. "कागद इथे आहे, कुणी वाचत नाहीये. पुढच्या दोन कळा बघू, मग परत विचारते." दोन कळांनंतर तिने विचारलं, मी हो म्हणाले, तिने नवऱ्याला फॉर्मवर सही करायला पाठवलं आणि "येताना वडापाव खाऊन या, खाली आईंना सांगून या" असंही बजावलं. तो दिवसभर उपाशी होता हे माझ्या लक्षातही नव्हतं. त्याच्याही नसावं.

भूल चढल्यावर डुला काय करणार, असं मला आधी वाटायचं. ती मला दर अर्ध्या तासाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहिली, गुडघ्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा रबरी चेंडू घालून. रात्री दहा सेंटीमीटर झाले. जोर लावायची वेळ आली तेव्हा खोलीत सगळेच ओरडायला लागले, "लावा, लावा, अजून!" ती कानाशी हळू बोलत होती, मला तिचंच ऐकू येत होतं. मुलगी झाली. नाळ थांबून कापली. वार पडली, थोडे टाके बसले. टाके घेताना ती मला मुलीच्या कानाची पाळी दाखवत बसली होती. मग सगळे आवराआवर करून गेले. ती थांबली, तासभर खटपट करून मुलीला अंगावर लावून दिलं आणि मध्यरात्र उलटल्यावर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या दोन केळी खाऊन घरी गेली.

आता हिशोब. हॉस्पिटलचं बिल एपिड्युरलसकट १ लाख ८ हजार. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बाळंतपणाची मर्यादा ५० हजार. डुलाची पावती विमा कंपनीने घेतलीच नाही, ती वैद्यकीय सेवा नव्हे म्हणून. म्हणजे ३८ हजार पूर्ण खिशातून.

सिझर टळलं ते तिच्यामुळे का? हे एका केसवरून काढता येत नाही. एवढं कॉस्टिंग मला कळतं. १५ हजार बायकांची सरासरी माझ्या बाबतीत लागू झाली की नाही, ते कसं सांगणार? त्याच आढाव्यात कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांनी कमी झाल्याचं दिसतं. माझ्या त्या दिवसात ४० मिनिटं कुठे मोजू? माझा अंदाज असा की सिझर टळण्यातला मोठा वाटा डॉक्टर बदलण्याचा होता, आणि त्याला फक्त जुन्या हॉस्पिटलची नावनोंदणी फी बुडाली. ज्यांच्याकडे एकाच गोष्टीची ताकद आहे त्यांनी आधी डॉक्टर बघावेत.

बाळंतपणानंतरची भेट फुकट गेली असं माझं मत. तोवर घरात आईचं राज्य सुरू झालं होतं. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, ओवा-बाळंतशोपा. डुलाने बाळाजवळ धुरी नको म्हटलं आणि मालिशवाल्या बाईंनी तोंड फिरवलं. धुरी बंद झाली, पण बाईंचा रुसवा काढायला मला साडी द्यावी लागली.

मला खरा हिशोब कळला तो स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींकडून. त्यांची लेक त्याच सुमारास सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मावशी पूर्ण वेळ आत होत्या. कंबर दाबली, पाणी पाजलं, शिव्या खाल्ल्या. केंद्राने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी तशी सूचना काढली आहे : सोबतीला एक बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, तिला संसर्गाचा आजार नसावा, तिने स्टाफच्या कामात ढवळाढवळ करू नये. पुढे २०१७च्या 'लक्ष्य' या, सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमातही ते आलं. सगळीकडे पाळतात असं नाही, लेबर रूममध्ये पडदा नाही म्हणून बायकांना बाहेर बसवणारी ठिकाणं आहेतच. पण नियम आहे, आणि मावशींची फी शून्य. डुलांचा धंदा उभा राहिला तो ज्या अभ्यासांवरून, त्यातला १९८०चा ग्वाटेमालातला गाजलेला प्रयोग तरी काय होता? कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली, अनोळखी बाई पहिलटकरणीशेजारी बसवली. पाठ चोळली, हात धरला, बोलत राहिली. तेवढ्यावर कळांचा वेळ आणि अडचणी कमी झाल्या.

म्हणजे माझ्या ३८ हजारांतला काही भाग कौशल्याचा होता, तो मला मान्य आहे. फोनवर वाक्य ऐकून वेळ ओळखणं माझ्या आईला जमलं नसतं. उरलेला भाग हा लाख रुपये बिल लावणाऱ्या हॉस्पिटलच्या दारात आईला अडवतात, म्हणून भरावा लागलेला दंड होता.

आता धाकट्या जावेला सातवा चालू आहे. ती नाशिकला. तिच्या हॉस्पिटलने डुलाला नाही म्हटलंय, आणि ऑनलाइन डुला १२ हजारांत फोनवर सोबत करते म्हणून ती मला विचारत होती. मी म्हटलं, कळा घरी काढायच्या असतील तेवढ्यापुरतं ते ठीक आहे, पण आधी डॉक्टरांना विचार, घरची एक बाई आत चालेल का. डॉक्टर हो म्हणाल्या. सासूबाई पुढच्या महिन्यात नाशिकला जाणार आहेत. सध्या रोज दुपारी त्या मला ओट्याला टेकून वाकायला लावतात आणि मागून दाबून बघतात. जोर जरा जास्तच लावतात.